क्लच नवा, आटे संपले, तरी रिव्हर्स कर्रर्र: जुन्या मारुती 800चं क्लच सेटिंग

प्रश्न थोडक्यात असा आहे. कराडच्या एका वाचकांची 1998ची मारुती 800 आहे, कार्ब्युरेटरवाली, चार गिअरची. दीड महिन्यापूर्वी क्लच प्लेट, प्रेशर प्लेट आणि रिलीज बेअरिंग असा सगळा सेट बदलला. गाडी हातात आली त्याच दिवसापासून रिव्हर्स टाकताना कर्रर्र आवाज येतो आणि सिग्नलला उभं असताना पहिला गिअर ओढून टाकावा लागतो. मिस्त्रींनी तीनदा क्लचच्या केबलचा नट कसला. रिव्हर्स थोडा सुधारला, पण आता नट आट्यांच्या शेवटाला जाऊन टेकलाय, आणि खंबाटकी घाट चढताना इंजिन नुसतं ओरडतं, गाडी उचलत नाही. केबल नवी टाकली, फरक शून्य. मिस्त्री म्हणतात, ‘चालवा, प्लेट बसली की होईल सेट.’

पहिलं सांगतो ते आजच करा: तो नट सैल करा. किती करायचा ते खाली येतंच आहे, पण आहे त्या अवस्थेत गाडी चालवू नका. प्लेट बसत गेली की हा त्रास वाढतो, कमी होत नाही. का, ते समजलं की अर्धं निदान तुमचं तुम्हीच कराल.

क्लच सोडलेला असतो, म्हणजे पाय पेडलवर नसतो, तेव्हा रिलीज बेअरिंग (पेडल दाबलं की पुढे सरकून क्लच सोडवतं ते) आणि प्रेशर प्लेटच्या डायफ्रामची, म्हणजे चकतीसारख्या स्प्रिंगची, बोटं यांच्यात जरासं अंतर हवं. तेच पेडलवर ‘प्ले’ म्हणून जाणवतं. हाताने पेडल दाबलं तर सुरुवातीला ते विनाविरोध खाली जातं, मग जड लागतं. त्या मोकळ्या भागाचं माप या गाडीला मी 15 ते 25 मिलिमीटर धरतो. गिअरबॉक्सवर जो रिलीज आर्म आहे, त्याच्या टोकाला हेच माप 2 ते 4 मिलिमीटर भरतं. म्हणजे पेडल साधारण सहा चालतं तेव्हा आर्म एक चालतो. हा हिशेब ढोबळ आहे, पण डोक्यात ठेवा. आर्मकडे गेलेला एक मिलिमीटर पेडलकडे सहा मिलिमीटरला पडतो.

आता प्लेट झिजते तेव्हा काय होतं? प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडे, म्हणजे इंजिनबरोबर फिरणाऱ्या जड चाकाकडे, सरकते आणि डायफ्रामची बोटं उलट बाहेर, बेअरिंगकडे येतात. म्हणजे प्ले कमी होतो. म्हणून जुन्या प्लेटवर चांगला मिस्त्री अधूनमधून नट सैल करत आलेला असतो. नवी प्लेट पडली की बोटं परत आत जातात, प्ले अचानक वाढतो, आणि पेडलचा निम्मा प्रवास वाया जातो. गाडी गॅरेजमधून बाहेर पडते ती गिअर कुरकुरतच. इथे नट कसणं बरोबरच आहे. तुमच्या मिस्त्रींचं पहिलं कसणं योग्य असेल. दुसऱ्या आणि तिसऱ्या वेळी मात्र त्यांनी पट्टी हातात घ्यायला हवी होती.

कारण नटाला एकच काम येतं: फालतू प्ले खाऊन टाकणं. त्याला नवा प्रवास तयार करता येत नाही. प्ले शून्य झाल्यावर तुम्ही आणखी कसलं, तर बेअरिंग बोटांवर कायमचं दाबून बसतं, पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच राहतो, आणि चढावर प्लेट घसरते. तुमची खंबाटकी तीच आहे. त्यात नवी प्लेट पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये बसते म्हणजे थोडी झिजतेच, बोटं आणखी बाहेर येतात, दाब वाढतो. ‘चालवा, सेट होईल’ हा सल्ला म्हणूनच उलटा आहे. नव्या क्लचचं सेटिंग पाचशे किलोमीटरला परत बघायचं असतं, आणि बहुतेक वेळा नट कसायचा नसतो, अर्धी-एक फेरी सोडायचा असतो.

तर तुमच्या गाडीत दोन तक्रारी एकत्र आहेत: प्ले नाही म्हणून घसरते, आणि तरीही पेडल पूर्ण दाबल्यावर क्लच सुटत नाही, म्हणजे इंजिन गिअरबॉक्सपासून वेगळं होत नाही. एकेकटी तक्रार नटाने मिटते. दोन्ही एकदम असतील तर नट हा गुन्हेगार नाही. प्रवास कुठेतरी हरवतोय, किंवा प्लेटच अडकतेय.

आधी मोजा. साधी स्टीलची पट्टी पेडलशेजारी उभी धरा, हाताने दाबा (पायाने नको, पायाला तेवढी जाण नसते), आणि जड कुठे लागतं ते बघा. नट सोडत सोडत पेडलवर 20 मिलिमीटर प्ले आणा. आता गाडी जराशी चालवा. एखाद्या चढावर, मागे कोणी नसताना, वरच्या गिअरमध्ये ॲक्सिलरेटर द्या. घसरणं थांबलं असेल तर प्लेट वाचली, बेअरिंग दाबून बसलं होतं एवढंच. प्ले असूनही घसरत असेल तर तीन शक्यता उरतात. दीड महिन्यात प्लेट जळून काचेसारखी गुळगुळीत झाली. इंजिनच्या मागच्या सीलमधून ऑइल प्लेटवर आलं. किंवा फ्लायव्हील लेथवर घासलं ते चुकीचं घासलं. या तिसऱ्याबद्दल थोडं बोलायला हवं. उद्यमनगरात लेथवाला अर्ध्या तासात फ्लायव्हील आरशासारखं करून देतो. पण ज्या फ्लायव्हीलला पायरी असते, म्हणजे प्लेट जिथे घासते तो भाग आणि प्रेशर प्लेटचं कव्हर जिथे बसतं तो भाग वेगवेगळ्या उंचीवर असतात, तिथे दोन्ही सारखेच उतरवावे लागतात. नुसता घासणारा भाग खोल केला तर डायफ्रामचा दाब कमी होतो आणि कोरी प्लेटसुद्धा घसरते. काम देताना आधीची पायरी किती होती ते मोजून कागदावर लिहून द्या, लेथवाल्याच्या आठवणीवर सोडू नका.

आता सुटण्याची परीक्षा. ही फार कमी जण करतात, आणि गिअरबॉक्स उतरवायचा की नाही याचं उत्तर हीच देते. सपाट जागा, हँडब्रेक ओढलेला, मागच्या चाकांना दोन्हीकडून विटा. पुढचं एक चाक जॅकने उचला आणि खाली घोडी लावा. नुसत्या जॅकवर विसंबून गाडीखाली हात-डोकं घालायचं नाही. इंजिन बंद, गिअर पहिला. उचललेलं चाक हाताने फिरवा, फिरणार नाही, इंजिन अडवतंय. आता आत बसलेल्याला पेडल हळूहळू दाबायला सांगा आणि तुम्ही चाक हलवत राहा. एका जागी चाक एकदम मोकळं होईल. त्या क्षणी पेडल तळापासून किती वर आहे ते मोजा. दोन-तीन बोटं वरच मोकळं झालं तर क्लच व्यवस्थित सुटतोय, आणि कुरकुर असेल तर ती गिअरबॉक्सच्या आतली. अगदी तळाला मोकळं होत असेल तर प्रवास कमी पडतोय. तळाला जाऊनही होत नसेल तर प्रवास फारच हरवतोय किंवा प्लेट अडकतेय.

बाकी रिव्हर्सलाच आवाज का येतो? पुढच्या गिअरना सिंक्रोनायझर असतात, म्हणजे गिअर पडण्याआधी वेग जुळवून देणाऱ्या कड्या, त्या थोडी चूक झाकून नेतात. रिव्हर्सला त्या नाहीत, म्हणून क्लच जरा जरी धरून असला तर पहिली बोंब रिव्हर्स मारतो. पेडल दाबून तीन-चार सेकंद थांबलात आणि मग रिव्हर्स मुकाट पडला, तर दोष किरकोळ. दहा सेकंद थांबूनही कर्रर्र होत असेल तर प्लेट फ्लायव्हीलबरोबर फिरतेच आहे.

प्रवास हरवायच्या जागा आता एकेक बघू, स्वस्त ते महाग या क्रमाने.

हसू नका, पण पहिली जागा म्हणजे पायाखालचं मॅट. एक कंपनीचं, त्यावर रबराचं, त्यावर कोणीतरी दिवाळीत बसवलेलं जाड कार्पेट. पेडलला तळ गाठताच येत नाही. सहाच्या हिशेबाने बघा: पेडलखाली 18 मिलिमीटरचा गालिचा म्हणजे आर्मचे 3 मिलिमीटर गेले. सगळी मॅटं काढा आणि चाकाची परीक्षा परत घ्या. माझ्याकडे दोन गाड्या अशा आल्यात की काम एवढंच होतं. पैसे घ्यायला लाज वाटली.

दुसरी जागा फायरवॉल, म्हणजे इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा. केबलचं बाहेरचं कवच जिथे बॉडीला टेकतं तिथे बोट ठेवा आणि दुसऱ्याला पेडल दाबायला लावा. तो पत्रा किंवा ब्रॅकेट बोटाला हलताना जाणवलं, तर जेवढं हलतंय तेवढा आर्मचा प्रवास थेट वजा. पंचवीस वर्षांच्या गाडीत तिथे गंज असतो, वेल्डिंगचा टिपका सुटलेला असतो. केबल नवी घालून फरक पडला नाही असं तुम्ही म्हणता, तेव्हा मला पहिला संशय केबल ज्याला टेकते त्याचाच येतो. गिअरबॉक्सकडचं ब्रॅकेटही असंच तपासा. पेडलची पिन आणि बुशही बघा, पेडल आडवं डुगडुगत असेल तर तिथेही थोडा प्रवास गळतोच.

केबल कोणती घातली तेही विचारा. 800 ही डिसेंबर 1983 ते जानेवारी 2014 अशी तीस वर्षं बनली. मधे बॉडी बदलली, कार्ब्युरेटर गेला, इंजेक्शन आलं, पाच गिअर आले. दुकानात ‘800ची क्लच केबल’ एवढंच सांगितलं तर समोर येईल ते मिळतं. जुनी आणि नवी केबल शेजारी ठेवून दोन मापं घ्या: बाहेरच्या कवचाची लांबी, आणि आतली तार बाहेर किती येते. दुसरं माप पाच-सात मिलिमीटरने जास्त असलं तरी आटे लवकर संपतात. आणि केबल बसवताना तिचं वळण मोठं ठेवा. सायलेन्सरच्या पाइपाला चिकटलेली किंवा बॅटरीखाली दबलेली केबल नवी असून जड चालते.

तिसरी जागा रिलीज आर्म. तुमचे आटे संपलेत म्हणून माझं सगळ्यात जास्त वजन इथे आहे.

हा आर्म रिलीज शाफ्टच्या दातांवर बसतो आणि एका बोल्टने आवळला जातो. गिअरबॉक्सचं काम करताना शाफ्ट काढला असेल, बुश बदलली असतील, तर आर्म परत बसवताना एक दात इकडेतिकडे होणं ही जुनीच चूक आहे. म्हणून काढण्याआधी आर्म आणि शाफ्ट दोन्हींवर पंचाने टिपका मारून ठेवायचा असतो. आर्म केबलच्या ब्रॅकेटकडे एक दात सरकला की केबलची तार लांब पडते, नट कसत कसत आटे संपतात. वर दुसरा तोटा होतो, आणि तो नटाने कधीच भरून निघत नाही. आर्म आणि केबल यांच्यात काटकोन असताना ओढीचा पूर्ण उपयोग होतो. पेडल अर्ध्यावर असताना तो काटकोन यायला हवा, म्हणजे पाय वर असताना आर्म ब्रॅकेटपासून जरा लांब झुकलेला दिसायला हवा. तुमचा आर्म पाय वर असतानाच काटकोनात असेल, किंवा आधीच ब्रॅकेटकडे झुकलेला असेल, तर पुढच्या सगळ्या ओढीत तो नुसता तिरका होत जातो. केबल तेवढीच ओढली जाते, शाफ्ट कमी फिरतो.

ही चूक मी स्वतः केली आहे. नवा होतो, वस्ताद जेवायला गेले होते, एका डॉक्टरांची 800 संध्याकाळी द्यायची होती. गिअरबॉक्स एकट्याने चढवला याची छाती फुगलेली. मग नट कसतोय, कसतोय, रिव्हर्स काही पडेना. वस्ताद आले, खाली वाकून बघितलं आणि विचारलं, ‘टिपका कुठाय?’ टिपका मी मारलाच नव्हता. त्यांनी दुसऱ्या एका गाडीखाली मला झोपवलं, तिचा आर्म कसा उभा आहे ते बघून यायला सांगितलं, आणि गिअरबॉक्स न उतरवता वीस मिनिटांत एक दात फिरवून दिला.

होय, न उतरवता. आर्म बाहेर असतो. केबल सोडा, आर्मचा बोल्ट नुसता सैल न करता पूर्ण बाहेर काढा, आर्म शाफ्टवरून ओढून घ्या, एक दात ब्रॅकेटपासून लांब करून बसवा. जागा अडचणीची आहे, बोटं सोलतात, पण गिअरबॉक्स उतरवण्यापुढे काहीच नाही. बसवण्याआधी आर्मचे आणि शाफ्टचे दात नीट बघा. दात झिजून गोल झाले असतील तर आर्म दाबासरशी किंचित घसरत राहतो, आज केलेलं सेटिंग परवा बिघडतं. मग आर्म बदलायचा. आणि आर्म हाताने वरखाली, म्हणजे फिरण्याच्या नव्हे तर आडव्या दिशेने हलवून बघा. शाफ्ट डुगडुगला तर बुश गेलीत. तिथेही प्रवास जातो, पेडल खरखरतं.

इथवर सगळं बरोबर निघालं, आर्म भरपूर फिरतोय, आणि तरीही चाक मोकळं होत नाही, तर मग गिअरबॉक्स खाली. आत काय निघतं ते सांगतो. प्लेट उलटी बसलेली असते. मधल्या हबचा स्प्रिंगांचा फुगीर भाग प्रेशर प्लेटकडे हवा. उलटा बसला तर तो फ्लायव्हीलच्या बोल्टांना घासतो आणि क्लच कसाच सुटत नाही. किंवा प्लेट वाकलेली असते. गिअरबॉक्स चढवताना शाफ्ट प्लेटमध्ये शिरला आणि मग हात दमले म्हणून गिअरबॉक्सचं सगळं वजन क्षणभर त्या प्लेटवर लोंबकळलं, की ती वाकली. अशी गाडी कधी गिअर घेते कधी नाही, आणि सुटताना थरथरते. खाली जॅक किंवा दुसरा माणूस असल्याशिवाय गिअरबॉक्स चढवू नये तो याचसाठी. शाफ्टच्या दातांवर प्लेट सहज सरकते का तेही बघा. तिथे ग्रीस बोटावर घेऊन पुसून टाकावं इतकंच लावायचं. लोणी लावल्यासारखं लावलं तर पहिल्याच दिवशी ते उडून प्लेटवर जातं. रिलीज बेअरिंग पेट्रोल-डिझेलमध्ये धुऊ नका, आतलं ग्रीस जातं आणि महिन्याभरात ते शिट्टी मारतं. जुन्या गाडीच्या क्लचमधली काळी भुकटी कॉम्प्रेसरने उडवू नका. जुन्या प्लेटांत ॲस्बेस्टॉस असायचं, ते फुप्फुसात जाऊन बसतं. ओल्या फडक्याने पुसा.

कोकणातल्या वाचकांसाठी एक वेगळा प्रकार. पावसाळाभर पडवीत उभी राहिलेली गाडी गणपतीला काढली आणि गिअरच पडेना, तर सेटिंगला हात लावू नका. ओलाव्याने प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटली असण्याची शक्यता जास्त. तिथे नट कसलात तर तुमच्याच चांगल्या सेटिंगचा सत्यानाश.

आणखी एक गोष्ट, कारण तुम्ही केबल बदललीत. जुनी केबल अजून असेल तर तिचं कवच बघा, कुठे वितळल्यासारखं, करपल्यासारखं आहे का? गिअरबॉक्स उतरवताना इंजिनची अर्थिंगची पट्टी सोडावी लागते. ती परत लावायची राहिली, किंवा गंजलेल्या जागी लावली, तर स्टार्टरचा सगळा करंट दुसरी वाट शोधतो, आणि इंजिनला बॉडीशी जोडणारी दुसरी धातूची वाट म्हणजे क्लचची नाहीतर ॲक्सिलरेटरची केबल. माझ्याकडे आलेल्या एका गाडीत महिन्यात दोन केबली गेल्या होत्या, गिऱ्हाईक केबलच्या कंपनीला शिव्या देत होतं. सेल्फ मारल्याबरोबर केबलला हात लावला, गरम. पट्टी डिकीत नटबोल्टांच्या पिशवीत सापडली. तुमच्याकडेही एकदा सेल्फ मारून केबलला हात लावून बघाच.

इंजिनचे माउंटिंग रबरही जाता जाता बघा. क्लच सोडताना इंजिन हेलकावा खात असेल तर गाडी थरथरते आणि दोष प्लेटवर येतो.

आता तुमचा क्रम: मॅटं काढा, नट सोडून पेडलवर 20 मिलिमीटर प्ले आणा, मग चाकाची परीक्षा घ्या. त्यानंतर मला तीन गोष्टी कळवा. चाक मोकळं झालं तेव्हा पेडल तळापासून किती मिलिमीटर वर होतं. पाय वर असताना आर्म ब्रॅकेटकडे झुकलेला आहे की लांब, त्याचा मोबाइलवर बाजूने काढलेला फोटो चालेल. आणि पेडल दाबताना फायरवॉलचा पत्रा हलतो का. मिस्त्रींशी भांडू नका, त्यांना फक्त एवढं विचारा की गिअरबॉक्स खाली असताना रिलीज शाफ्ट बाहेर काढला होता का. ते ‘हो’ म्हणाले तर फोटोची वाट न बघता आर्मचा बोल्ट काढायला घ्या.